जीपच्या पोटांतील दोन पेट्या



मोटारगाडीचा मालक तिच्या रंगाकडे पाहतो, दिव्यांकडे पाहतो, आणि फार झालें तर एंजिनाचें झांकण उघडून त्याचीहि विचारपूस करतो. परंतु एंजिन व चाकें यांच्या दरम्यान, गाडीच्या पोटाखालीं ज्या दोन लोखंडी पेट्या मुकाट्यानें भार वाहत असतात, त्यांची आठवण त्याला बहुधा त्या ओरडूं लागल्यावरच होते. घाटांतून, चिखलांतून व ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या जीपगाडीच्या बाबतींत हा विसर केवळ खिशावर नव्हे, तर जिवावरहि बेतूं शकतो. तो कसा, हें समजण्यासाठीं या दोन पेट्यांची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

जीप ही मूळची लष्करी गाडी. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. १९४५ मध्यें विलीज कंपनीनें तिचा मुलकी अवतार बाजारांत आणला, आणि त्याच दशकाच्या अखेरीअखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिची जोडणी सुरू केली. या गाड्यांत गिअर-बॉक्सच्या पाठीला बोल्टांनीं थेट जोडलेली दुसरी पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस असें म्हणतात. एंजिनाची शक्ति गिअर-बॉक्समधून या पेटींत येते आणि तेथून एक वाटा मागील धुरेकडे व, चालकानें दांडा ओढला असतां, दुसरा वाटा पुढील धुरेकडे जातो. तिच्याच दुसऱ्या दांड्यानें वेग कमी करून जोर वाढवितां येतो.

हा जोर किती वाढतो, हें साध्या गुणाकारानें कळेल. युद्धकालीन विलीज गाडीच्या पहिल्या गिअरांत एंजिनाच्या २.६७ फेऱ्यांस गिअर-बॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो. ट्रान्स्फर केसचा मंद गिअर त्यांत १.९७ पटींची भर घालतो, आणि धुरेवरील दांतेचाकें ४.८८ पटींची. तिन्ही आंकडे गुणले म्हणजे एंजिन सुमारें २६ वेळां फिरतें तेव्हां चाक एकदां फिरतें. साठ अश्वशक्तीचें लहानसें एंजिन उभा चढ चढून जातें तें याच हिशेबावर. पण हा सारा ताण शेवटीं बोटभर रुंदीच्या दांत्यांवर पडतो, आणि त्या दांत्यांना वांचविणारी वस्तु एकच : त्यांच्यामधील तेलाचा पातळ पापुद्रा.

म्हणून देखभालीचा पहिला धडा तेलाचा. दोन्ही पेट्यांत मिळून तेल मावतें दोन-अडीच लिटरच. त्यांतील अर्धा लिटर गळून गेलें तरी घरांतील चौथा-पांचवा हिस्सा धान्य संपल्यासारखी स्थिति होते. सुमारें दीड हजार किलोमीटरांच्या प्रवासानंतर, आणि पावसाळ्यांत त्याहूनहि लवकर, पातळी पाहावी. गाडी सपाट जागेवर उभी करून थंड होऊं द्यावी, चाकांस दगड लावावे, बाजूचा भरण्याचा बूच काढावा आणि करंगळी आंत घालून पाहावी. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलेलें असावें. दोन्ही पेट्यांचे बूच निराळे आहेत. एकीची पातळी पाहून दुसरीची खात्री धरूं नये. शाफ्टाच्या कडेनें तेल एका पेटींतून दुसरींत हळूहळू झिरपतें. गिअर-बॉक्स रिकामी होत चालली आणि ट्रान्स्फर केसमध्यें तेल तुडुंब भरलें, असा प्रकार जुन्या गाडींत नेहमींचा आहे. अशा वेळीं एकींत नुसतें तेल ओतून भागत नाहीं. दुसरींतील जादा तेलहि काढावें लागतें, नाहीं तर दाब वाढून तें ऑईल सीलमधून वाट काढतें.

तेल बदलतांना एक नियम कधींहि मोडूं नये. खालचा बूच सोडण्यापूर्वीं वरचा, भरण्याचा बूच सुटतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें. खालून तेल काढून टाकलें आणि वरचा गंजलेला बूच हलेना, म्हणजे तेल गेलें, तूप गेलें आणि हातीं धुपाटणें आलें! गाडी थोडी फिरवून तेल कोमट झालें म्हणजे तें तळच्या गाळासह निघतें. निघालेलें तेल फेंकून न देतां उजेडांत पाहावें, कारण तेंच त्या पेटीचें प्रगतिपुस्तक आहे. राखेसारखी बारीक पूड ही नित्याची झीज होय. पिवळी चमक दिसली तर पितळी कड्या किंवा वायसर झिजूं लागले असें समजावें. नखाएवढा पोलादी तुकडा सांपडला, तर दांता अगर बेअरिंग फुटलें आहे. पेटी उघडल्यावांचून गाडी पुढें नेऊं नये. आणि तेल ताकासारखें पांढुरकें झालें असेल, तर आंत पाणी शिरलें आहे.

हें पाणी शिरतें कसें? मैलोगणती चालून तापलेली पेटी एकाएकीं ओढ्याच्या गार पाण्यांत बुडते. आंतील हवा निवून आकसते आणि सीलच्या कडेनें वा हवेच्या छिद्रांतून पाणी आंत ओढून घेते. यावर उपाय दोन. ओढ्याच्या कांठीं गाडी थांबवून तिला अंमळ निवूं द्यावें. आणि खोल पाण्यांतून गेलेल्या गाडीचें तेल त्याच आठवड्यांत तपासावें. पावसाळा सरल्यावर दोन्ही पेट्यांचें तेल एकदां बदलणें हें तर व्रताप्रमाणें पाळावें.

तेल कोणतें, हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे. या पेट्यांना नव्वद क्रमांकाचें गिअर-ऑईल लागतें. परंतु डब्यावर क्रमांकाशेजारीं जी. एल. ४ असें लिहिलेलें आहे ना, हें पाहावें. जी. एल. ५ हें तेल धुरेच्या दांतेचाकांस उत्तम. पण त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें उष्णतेंत पितळेला बाधूं शकतात, आणि त्याच्या निसरडेपणामुळें गिअर जुळविणाऱ्या पितळी कड्यांची पकडहि ढिली पडते.

आतां आवाजाविषयीं. ट्रान्स्फर केसची थोडी गुणगुण ही जन्मजात आहे. कारण या जुन्या रचनेंत शक्ति प्रत्येक वेळीं मधल्या दांतेचाकांतूनच जाते, सरळ कधींच जात नाहीं. काळजी करावी ती बदललेल्या आवाजाची. पहिल्या व दुसऱ्या गिअरांत घरघर आणि तिसऱ्यांत शांतता, असें असेल तर दोष गिअर-बॉक्सच्या खालच्या शाफ्टाकडे असण्याचा संभव अधिक, कारण तिसऱ्या गिअरांत शक्ति त्या शाफ्टास वगळून सरळ मागें जाते. गाडी उभी व गिअर मोकळा असतां होणारा आवाज क्लच दाबतांच थांबला, तर पुढच्या बेअरिंगावर नजर ठेवावी. गिअर आपोआप सुटूं लागला तर चालक दांडा हातानें दाबून धरतो व दिवस काढतो. पण त्याचें कारण ढिले बोल्ट, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेलें बेअरिंग यांपैकीं एक असतें, आणि तें हाताच्या जोरानें बरें होत नाहीं.

चालविण्याची रीत हाहि देखभालीचाच भाग आहे. चारी चाकांची जोड चिखल, वाळू व सैल दगड यांवरच लावावी. वळणावर पुढील चाकें मागील चाकांहून लांबचें अंतर तोडतात. चिखलांत चाक घसरून हा फरक फेडतें; डांबरी सडकेवर तें घसरूं शकत नाहीं, मग तो सारा पीळ दांत्यांत व शाफ्टांत सांठतो, आणि पुढें दांडा जागचा हलत नाहीं. अशा वेळीं दांड्यावर हातोडा न घालतां गाडी थोडी मागें घ्यावी. पीळ उतरतो आणि दांडा सुटतो. मंद गिअर घालतांना मात्र गाडी पूर्ण थांबवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. जुन्या जीपगाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील शाफ्टावर असतो. तेथील ऑईल सील झिजला, कीं गळणारें तेल थेट त्या ब्रेकच्या अस्तरांत मुरतें. सपाटीवर कांहींच कळत नाहीं. परंतु माणसांनीं भरलेली गाडी घाटांत उभी केली, कीं ओढलेला हातब्रेक तिला धरीत नाहीं. त्यांत दुसरा धोका असा, कीं ट्रान्स्फर केसचा दांडा चुकून मधल्या मोकळ्या जागीं राहिला, तर गिअर-बॉक्समध्यें पहिला गिअर घालून ठेवला तरी त्याचा चाकांशीं संबंधच उरत नाहीं. चालक निर्धास्तपणें खालीं उतरतो आणि गाडी दरीच्या दिशेनें चालूं लागते. म्हणून शाफ्टाच्या बाजूस तेलाचा ओघळ दिसतांच सील बदलावा, तेलकट झालेलें अस्तरहि काढून नवें घालावें, आणि चढउतारावर गाडी सोडतांना दोन्ही दांडे तपासून चाकाखालीं दगड लावावा.

एवढ्या कामाला पान्हे, दिवा, जुनें भांडें आणि अर्ध्या दिवसाची सवड पुरते. सीलची किंमत पेटीच्या दुरुस्तीपुढें नगण्य आहे, आणि मागें बसलेल्या माणसांच्या प्राणांशीं तर तिची तुलनाच करतां येत नाहीं. गाडी ज्याच्या हातीं आहे त्यानें महिन्यांतून एकदां तिच्याखालीं निजून या दोन पेट्यांकडे पाहावें, इतकीच अपेक्षा आहे.