द्राक्षाची पेटी आणि पंपाचा कागद



"सध्या काय करतेस?" असं सकाळपासून दहा-बारा जणांनी विचारलं. "खोकी आणि कागद," एवढंच सांगत आले. आता माइक हातात आहे, तर नीट सांगते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाठीवरचे, बॅटरीवर चालणारे फवारणी पंप बनवणारा एक छोटा कारखाना आहे. त्या पंपाचं खोकं कसं असावं, आत वस्तू कशा रचाव्यात आणि सोबतच्या माहितीपत्रकात काय लिहावं, हे काम माझ्याकडे असतं.

आपल्यातले बरेच जण द्राक्षवाले. निर्यातीची पेटी तुम्हाला मी काय सांगणार! अर्ध्या किलोचे दहा पनेट, हवा खेळायला पेटीला भोकं, ओलावा लागला की सल्फर डायऑक्साइड सोडून बुरशी रोखणारा पॅड. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेला माल तीन-चार आठवडे समुद्रावर राहून युरोपात उतरतो. २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट सुरू केलं, तेव्हापासून पेटी कुठल्या बागेतली हेही शोधता येतं. रॉटरडॅमला पेटी उघडणाऱ्या माणसाचा एवढा विचार आपण निफाडच्या शेडमध्ये बसून करतो. आणि त्याच बागेत पंप पाठीवर घेणाऱ्याच्या हातात जो कागद येतो, त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात. मला हे पटत नाही, म्हणून मी या कामात टिकले.

कारखान्यात आधीपासून चालत आलेलं पत्रक इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून केलेलं होतं. 'फवारणीपूर्वी सुयोग्य संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा.' कोणी करायचा? कुठली साधनं? बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, 'प्रयोग बदला' हा प्रश्न तुम्ही दोन गुणांना घालायचात, मी तो अजून सोडवते आहे. आता तिथे लिहिलंय : 'हातमोजे, मास्क, चष्मा घाला. मग औषध उघडा.' एका वाक्यात एकच काम आणि जे आधी करायचं ते आधी.

पण लिहिलेलं वाचलं जातं हे गृहीत धरायचं नाही. दिंडोरी, पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रांत जाऊन मी नव्या गिऱ्हाइकाला बंद खोकं देते आणि गप्प उभी राहते. माणूस पंप उचलतो, बाकीचं खोक्यातच राहतं आणि खोकं गोठ्यात जातं. म्हणून 'आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा' हे वाक्य आम्ही टाकीच्या झाकणावरच चिकटवलं. झाकण उघडल्याशिवाय पाणी भरता येत नाही!

नोझलचं तसंच. नोझल तुंबलं की माणूस ते काढून तोंडाने फुंकतो. 'तोंडाने फुंकू नका' असं पत्रकात ठळक छापलेलं होतंच. पण बांधावर उभ्या माणसाने दुसरं करायचं काय? आता एक छोटा ब्रश फवारणीच्या दांडीलाच दोरीने बांधलेला येतो. पिशवीत सुटा दिला तर तो हरवतो.

औषधाच्या डब्यावरच्या मजकुराला मात्र मी हात लावू शकत नाही, तो सरकारकडून मंजूर झालेला असतो. त्यावरचा चौकोन तुम्ही पाहिला असेल. खालच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे. एका गृहस्थांनी मला तो शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्यासारखा असतो असं सांगितलं होतं. मुळात आपण विषाला औषध म्हणतो, मीही आत्ता म्हटलंच.

पत्रकात प्रमाण हेक्टरी दिलेलं असतं, शेतकरी एकरात मोजतो आणि ओततो पंपात. समजा हेक्टरी २५० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी लिहिलंय. म्हणजे एकरी १०० मिली, २०० लिटरच्या एका टिपाडात. मग १६ लिटरच्या पंपात किती? ८ मिली. हे गणित पहाटे बांधावर कोण करणार? म्हणून आमच्या पत्रकात पंपाच्या हिशेबाचा तक्ता आहे. त्यातले आकडे आम्ही एकाच लिपीत छापतो, कारण मराठी १ आणि इंग्रजी नऊ घाईत सारखेच दिसतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं बरीच होती : डोक्याएवढं वाढलेलं पीक, औषधांची मिसळ, अंगावर संरक्षण नाही. सगळं खापर कागदावर फोडता येणार नाही. पण त्या बातम्या वाचल्यावर आमच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर एक ओळ आली : 'चक्कर, उलटी, घाम आला तर फवारणी थांबवा, कपडे बदला, अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.' डब्यासकट जायचं, कारण डॉक्टरांना नाव कळलं पाहिजे. ऑर्गनोफॉस्फरस गटाच्या विषावर ॲट्रोपिन देतात, ते सगळ्याच विषांवर चालत नाही.

नव्या पत्रकाच्या पन्नास प्रती नावनोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाच्या रांगेत वाचा आणि जिथे अडाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. बाई, तुमच्या प्रतीला लाल पेन जोडलंय.