अन्न राखणारे आवरण मातीत मिसळेल काय?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



अन्न टिकावे, पण ते ज्यात बांधले ते आवरण मात्र टिकू नये, अशी आजच्या काळाची दुहेरी मागणी आहे. पळसाच्या पत्रावळीने आणि केळीच्या पानाने यातील दुसरी मागणी पिढ्यानुपिढ्या पुरी केली. पंगत उठली की पाने उकिरड्यावर जात आणि यथावकाश त्यांचे खत होई. मात्र पानात बांधलेले पनीर आठवडाभर टिकत नाही. प्लॅस्टिकने टिकवण्याची जबाबदारी उचलली आणि मातीत मिसळण्याची सोडून दिली. त्याचे परिणाम साचत गेले तेव्हा महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली.

या पार्श्वभूमीवर नव्या प्रकारच्या फिल्म पुढे येत आहेत. त्यांचा मूळ पदार्थ जैवविघटनशील असतो. मका किंवा उसाच्या शर्करेपासून तयार होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, स्टार्च आणि कायटोसन ही त्याची उदाहरणे. त्यात सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारे द्रव्य मिसळले की बुरशी आणि जिवाणू अन्नावर लवकर बसत नाहीत. कल्पना उत्तम आहे. मात्र तिच्या पोटात एक विरोध दडलेला आहे. कंपोस्ट म्हणजे सूक्ष्मजीवांनी केलेले पचन. जे आवरण सूक्ष्मजीवांना दूर ठेवण्यासाठीच घडवले, ते सूक्ष्मजीवांनीच खाऊन संपवावे, अशी ही अपेक्षा आहे.

ही अपेक्षा पुरी होते की नाही, हे केवळ वेष्टनावरील हिरव्या पानाच्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी मोजमाप आहे. युरोपातील ईएन १३४३२ हे मानक २००० सालचे. त्याच्या कसोट्या स्पष्ट आहेत. कंपोस्टच्या परिस्थितीत, सहा महिन्यांच्या आत, पदार्थातील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झाले पाहिजे. बारा आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. तयार खतात बियांची उगवण आणि रोपांची वाढ साध्या खताच्या तुलनेत किमान ९० टक्के झाली पाहिजे. शिवाय जड धातूंना मर्यादा आहे. भारतात कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

आता प्रश्न मिसळलेल्या द्रव्याचा. ही द्रव्ये ढोबळमानाने दोन गटांत मोडतात.

पहिला गट सेंद्रिय. ओव्याच्या तेलातील थायमॉल आणि लवंगेतील युजेनॉल सर्वांच्या स्वयंपाकघरातील आहेत. ही द्रव्ये अन्नाजवळ आपले काम करतात. पुढे कंपोस्टच्या उष्णतेत काही अंश उडून जातो आणि उरलेला सूक्ष्मजीव पचवतात. सुरुवातीचे काही दिवस विघटन मंदावू शकते, पण प्रमाण बेताचे असेल तर पुढे ते गती घेते. कायटोसनवर धन विद्युतभार असतो. जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला तो चिकटतो आणि त्यांची वाढ थोपवतो. तरीही त्याचे तुकडे करणारी विकरे मातीतील अनेक सूक्ष्मजीवांजवळ असतात. म्हणजे रक्षकाचे काम संपल्यावर तो स्वतःच अन्न होतो.

दुसरा गट धातूंचा: चांदीचे अतिसूक्ष्म कण, झिंक ऑक्साइड, तांबे. येथे हिशेब बदलतो. धातूचे विघटन होत नाही. फिल्म नाहीशी होते, धातू खतात राहतो. एक साधे गणित पाहावे. फिल्ममध्ये १ टक्का झिंक ऑक्साइड असेल, तर एक किलो फिल्ममध्ये ते १० ग्रॅम झाले. त्यात सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे ८,००० मिलिग्रॅम जस्त असते. युरोपीय मानकातील मर्यादा आहे किलोमागे १५० मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या पन्नासपटीहून अधिक! जस्त पिकाला अल्प प्रमाणात हवेच असते, परंतु अल्प आणि अति यांतील अंतर शेतकरी बांधव जाणतात. चांदीचे नाव तर त्या मानकाच्या धातूंच्या यादीतच नाही. म्हणून ती फिल्म यादी पाहून निर्दोष ठरेल, आणि चांदी मात्र शेतात उतरेल.

आणखी एक फट आहे. ज्या सेंद्रिय घटकाचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे, त्याचे विघटन या मानकानुसार स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागत नाही. सूक्ष्मजीवरोधक द्रव्य बहुधा थोडेच वापरले जाते. अशा वेळी रोपांची परीक्षा हाच खरा पहारेकरी. म्हणून मूळ फिल्मला प्रमाणपत्र होते, एवढ्यावर समाधान मानू नये. द्रव्य मिसळल्यानंतरच्या तयार फिल्मची परीक्षा झाली काय, हे विचारावे.

उष्णतेचाही विचार हवा. वर सांगितलेली परीक्षा सुमारे ५८ अंश सेल्सिअसला होते. मोठ्या, नीट हवा दिलेल्या ढिगात इतकी उष्णता निर्माण होते. गच्चीवरील कुंडीत किंवा गांडूळखताच्या वाफ्यात ती होत नाही, आणि तशी झाली तर गांडुळे जगणार नाहीत. पीएलए तर ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मगच झपाट्याने तुटू लागते. तेव्हा जी फिल्म कारखान्यातील ढिगात तीन महिन्यांत विरते, तीच घरच्या खतात वर्षानंतरही जवळपास जशीच्या तशी सापडू शकते. नाल्यात किंवा ओढ्यात टाकली तर ती कचराच.

या समाजाच्या दृष्टीने एक बाब विशेष महत्त्वाची आहे: उगमाची. बाजारातील बहुतेक कायटोसन कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून बनते. लायसोझाइम हे जिवाणूरोधक विकर प्रामुख्याने कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढले जाते. जिलेटिनची फिल्म प्राण्यांच्या कातडीची आणि हाडांची. ‘जैविक’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द या सर्वांना लागू पडतात, ‘शाकाहारी’ हा शब्द मात्र पडत नाही. ज्या घरात मिठाईवरील वर्खाचीही चौकशी होते, तेथे अन्नाला चिकटणाऱ्या आवरणाची चौकशी होऊ नये, हे विसंगत आहे. पर्याय आहेत. कायटोसन बुरशीपासूनही मिळते, त्याबाबत ज्याने त्याने आपल्या आचारानुसार निर्णय करावा. स्टार्च आणि वनस्पतींची तेले तर आहेतच.

सारांश, खरेदीपूर्वी चार प्रश्न पुरेत. तयार फिल्मला कंपोस्टचे प्रमाणपत्र आहे काय? सूक्ष्मजीवरोधक द्रव्य कोणते, सेंद्रिय की धातूचे? त्याचा उगम काय? आणि वापरलेली फिल्म ज्या ढिगात जाणार, तो पुरेसा तापतो काय? पुरवठादाराने पहिल्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. चौथ्याचे उत्तर मात्र गावाने, सोसायटीने, संस्थेने स्वतः द्यायचे आहे. ढीगच नसेल तर उत्तम फिल्मही व्यर्थ आहे.

आणि त्याही आधीचा एक प्रश्न: आवरणाची गरज आहे काय? दिवसा शिजवून सूर्यास्तापूर्वी संपणाऱ्या अन्नाला आठवडाभर राखणारी फिल्म लागत नाही. जेथे लागते, तेथे ती पारखून घ्यावी. अन्नाचा नाश टाळणे आणि मातीचा नाश टाळणे ही दोन वेगळी कर्तव्ये नाहीत. एक पाळताना दुसरे मोडणार नाही, एवढी दक्षता प्रत्येक घराने आणि प्रत्येक संस्थेने घ्यावी, हीच सुवर्णमहोत्सवानिमित्त विनम्र अपेक्षा.

जय जिनेंद्र.