निखळलेला सांधा आणि उतावीळ हात
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हाडे निखळण्याचा विषय आम्ही काढावा, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत कागदपत्रांत आयुष्य घालविलेले साधे पदवीधर आहोत. परंतु काशीस जाणाऱ्या मराठी माणसाशी या विषयाचा संबंध फार निकटचा आहे.

राजा घाटाचेच पाहा. अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित असलेला हा घाट आपणांस घरचाच वाटतो. पावसाळ्यात गंगेचे पाणी पायऱ्यांवर चढते आणि ओसरताना गाळाचा निसरडा थर मागे ठेवते. पाठोपाठ कार्तिकस्नानासाठी वृद्ध यात्रेकरूंची रीघ लागते. पाय घसरला की माणूस स्वभावतःच हात टेकतो आणि त्या हिसक्याने खांदा निखळतो. मोठ्या सांध्यांत सर्वाधिक निखळणारा सांधा हाच. आणि शंभरांतील सुमारे ९५ वेळा दंडाच्या हाडाचा गोल पुढच्या बाजूस सरकतो.

अशा वेळी गर्दीतून कोणी धीट गृहस्थ पुढे होतो आणि ‘एक झटका दिला की बसेल’ म्हणून हात ओढतो. हेतू निर्मळ असतो. परिणाम मात्र कधीकधी जन्माचा असतो. सांध्याबरोबर हाडही मोडले आहे काय, हे बाहेरून कळत नाही. वृद्धांची हाडे ठिसूळ. ओढाताणीत असलेली चीर पुरती मोडते, शेजारची रक्तवाहिनी वा मज्जातंतू दुखावतो.

ही तर आपली परंपराच, असे कोणी म्हणेल. परंपरा नेमके उलट सांगते. काशिराज दिवोदास धन्वंतरींचा शिष्य मानल्या गेलेल्या सुश्रुताच्या संहितेत निखळलेल्या सांध्यांचे ६ आणि मोडलेल्या हाडांचे १२ प्रकार निराळे सांगितले आहेत. आधी प्रकार ओळखावा, मग उपचार करावा, हाच त्याचा अर्थ. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि अति घट्ट असेल तर सूज व वेदना वाढतात, हेही तेथे आहे. पुढे १८७० साली स्वित्झर्लंडच्या कोखर या शल्यविशारदाने हात टप्प्याटप्प्याने फिरवून खांदा बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि आतले हाड डोळ्यांस दिसू लागले. आज रुग्णालयात क्ष-किरण चित्र घेऊन, वेदना शमवून, सांधा हलकेच बसवितात आणि पुन्हा चित्र घेऊन खात्री करतात.

मग आपण काय करावे? माणूस शुद्धीवर आहे ना, श्वास नीट चालला आहे ना, रक्त वाहत आहे काय, हे प्रथम पाहावे. मान वा पाठ दुखत असेल तर त्यास हलवू नये. बोटे फुगण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. हात ज्या स्थितीत सुसह्य वाटेल, त्याच स्थितीत उपरण्याच्या झोळीने आधार द्यावा. मनगटाची नाडी लागते काय, बोटे हलतात काय, दंडाच्या बाहेरील बाजूस स्पर्श कळतो काय, हे पाहून डॉक्टरांस सांगावे. चहा वा पाणी देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो.

खुबा दुखावलेल्या वृद्धास उभे करू नये. पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला तर हाड मोडले असण्याचाच संभव अधिक. मोटार-अपघातात खुबा निखळला, तर तो शक्यतो ६ तासांच्या आत बसवावा लागतो. विलंबाने हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटण्याचे भय असते. गुडघा निखळल्यास पावलाची नाडी पाहावी. ती लागत नसेल तर क्षणाचाही विलंब नको.

घाटामागच्या अरुंद गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरत नाही. म्हणून १०८ क्रमांकास कळवितानाच, गाडी कोठवर येईल आणि रुग्णास तेथवर फळीवरून न्यावे की नावेतून, हे ठरवावे. काशी हिंदू विद्यापीठाचे ट्रॉमा सेंटर शहरातच आहे. तेथवरचा मार्ग अडू न देणे, हेच आपले काम.

आमची विनंती एवढीच, की मंडळाच्या प्रत्येक यात्रेत प्रथमोपचार शिकलेला एक तरी माणूस असावा. रेड क्रॉस आणि सेंट जॉन या संस्था ते शिक्षण देतात. सेवाभाव आपल्यापाशी उदंड आहे. त्यास ज्ञानाची जोड मिळाली, तर गंगास्नानास गेलेले आपले वडीलधारे धडधाकट घरी परततील.