फोटो कुणाला दाखवणार?

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महिला गटांच्या अकोल्यात झालेल्या बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सोशल मीडिया आणि कंपन्यांचा पैसा आपल्या कामाला कसा वापरायचा, यावर मी बोलायचं ठरलं तेव्हा मला जरा हसूच आलं. आम्ही स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढली. बोटांची शाई दोन दोन दिवस जायची नाही. पैसा म्हणजे सभेनंतर फिरवलेला पदर. त्यातून एसटीचं भाडं निघालं तरी पुष्कळ. आता दर्यापूरच्या पोरीनं काढलेला व्हिडिओ संध्याकाळी पुण्यामुंबईत पोचलेला असतो. जुनंच बरं होतं असं सांगायला मी उभी नाही. आपल्याला दोन्ही हवं आहे. बदल्यात काय द्यावं लागतं, तेवढं मात्र बोलू.

आपल्याच जिल्ह्यातलं वरुड घ्या. संत्र्यांचा पट्टा, उपसून उपसून पाणी खोल गेलेलं. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत झाली, त्यातला एक वरुड. दोन वर्षांत तालुके पंचाहत्तर झाले. आमिर खानचं नाव, टीव्ही, फोनवरून फिरणारे व्हिडिओ, मोठ्या देणग्या, सगळं होतं. पण गावची माणसं आधी प्रशिक्षणाला बसली, शिवार मोजायला शिकली आणि मग कुदळ हाती घेतली. माती गावानं हलवली. पैशानं आणि प्रसिद्धीनं जोर दिला. हे मला पटतं. (श्रमदानाला बाया होत्याच. पाणी मात्र ज्याची विहीर त्याचं. सातबाऱ्यावर नाव असलेल्या हात वर करा म्हटलं, तर याही खोलीत किती हात वर होतील?)

तिथं किती घनमीटर काम झालं ते मोजता येत होतं. कंपनीला मोजता येणारं आवडतं. शिलाई मशिनी मोजता येतात, संडास मोजता येतात. मारहाणीच्या घरातून निघालेली बाई कोर्टाच्या सात तारखांना एकटी गेली, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

आता कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. सीएसआर म्हणतात ते हेच. स्त्री-पुरुष समानता आणि बायकांची वसतिगृहं त्या यादीत आहेत. आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. म्हणजे नांदगावपेठच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कापड कारखान्यांकडे आपण भीक मागायला जात नाही. पण कुणाला द्यायचं हे तेच ठरवतात, तेव्हा हक्कानं वसूलही करता येत नाही. अकोल्याच्या डाळमिलांपैकी फार थोड्या या मापात बसतील. तरी शिबिराला पोतंभर तूरडाळ मागायला काय हरकत आहे? आम्ही मागतो, मिळते.

संस्थेला १२ए, ८०जी आणि तीन वर्षांचं काम लागतं. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणीही लागते. आपले बरेच गट नोंदलेलेच नाहीत. त्यांनी नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर काम करावं. कागदासाठी घाईनं ट्रस्ट काढून भांडत बसू नये. आणि एक सांगते, मार्च महिन्यात येणाऱ्या फोनला भुलू नका. खर्च न झालेला पैसा कंपनीला दुसरीकडे भरावा लागतो, म्हणून ‘पंधरा दिवसांत पाचशे बाया दाखवा’ असा निरोप येतो. आम्ही एकदा दाखवल्या. अजून लाज वाटते.

त्याहून मोठी चूक सांगते. ती माझी आहे.

दर्यापूरकडच्या एका गावात एका बाईच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. तीन एकर कोरडवाहू, दोन लेकरं. वारस म्हणून तिचं नाव चढवायचा अर्ज आम्हीच तलाठ्याकडे करून दिला होता. दिराची हरकत होती. त्याच सुमारास एका कंपनीकडून मशिनी आल्या. फोटो काढणारा बरोबर होता. साडी जरा उजळ नेसायला सांगितली. ‘काढू का फोटो?’ मी विचारलं, ती हो म्हणाली. आठवड्यानं कंपनीच्या पानावर फोटो आला. खाली तिचं नाव, गाव आणि ‘दरमहा आठ हजार कमावणारी स्वावलंबी शेतकरी महिला’. मशीन येऊन आठ दिवस झाले होते. एक ब्लाऊज शिवून झाला होता. आम्हीही तो फोटो कौतुकानं पुढे पाठवला.

दिरानं तोच फोन सुनावणीत दाखवला. हिची कमाई आहे, हिला जमीन कशाला? वारसाहक्काला कमाईशी काही देणंघेणं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. पण तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. घरात सासू त्या साडीवरून बोलायची ते वेगळंच. ती मला म्हणाली, ‘ताई, तुमी मले फोटो काढू का म्हून इचारलं. कोनाकोनाले दाखवसान, थे नाई सांगतलं.’

तिचं नाव लागलं, पण दोन पेरण्या हातच्या गेल्यावर.

तेव्हापासून आम्ही फोनवर फोटो दाखवतो, खालचा मजकूर वाचून दाखवतो, आणि हे तुझा दीर पाहील, तुझा पोरगा शाळेत पाहील, हे सांगतो. मग दोन दिवस थांबतो. बऱ्याच जणी नको म्हणतात. पुष्कळदा हात पुरतात, शेत पुरतं, नुसता आवाज पुरतो. बलात्काराच्या प्रकरणात तर नाव, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीच नको. पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम २२८ए होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. सोशल मीडियालाही हे लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं. न्याय मागायच्या भरात आपल्याच मैत्रिणी ही चूक करतात.

व्हॉट्सॲप गटाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के होत्या. बाकीच्यांना तुम्ही पाठवलेला निरोप आधी नवरा वाचतो. ‘उद्या वकिलाकडे ये’ असं गटावर टाकू नका. त्यापेक्षा आशाताईकडे निरोप द्या.

सध्या एका कंपनीचा करार आमच्या हातात आहे. तीन वर्षं, अकोल्यात प्रशिक्षण केंद्र, भाडं आणि दोघींचा पगार. अट अशी की दर महिन्याला दोन यशोगाथा, फोटो आणि नावासह. आम्ही लिहून कळवलं: हिशेब दर महिन्याला देऊ, केंद्र केव्हाही येऊन पाहा, पण फोटो ती बाई देईल तेव्हाच. आणि सल्ला केंद्रात येणाऱ्या बायांची वही कुणालाही दाखवणार नाही. उत्तर आलेलं नाही. एक पगार थांबला आहे, आणि ती मुलगी इथंच मागे बसली आहे. तिच्याशी बोलूनच आम्ही ते पत्र पाठवलं.

जेवणानंतर दोन्ही कागद, त्यांचा करार आणि आमचं पत्र, मोठ्यानं वाचू. कोणतं कलम सोडता येईल, कोणतं नाही, ते सांगा. आणि अमरावतीत कमी फीत ऑडिट करून देणारे कुणी सीए माहीत असतील, तर नाव सांगून ठेवा.