एकोणीस जागांचे सरकार

(समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जे राज्य आज नकाशावर नाही, त्याच्या विधानसभेच्या निवडणुकीशी आपला काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना पडला असेल. त्रावणकोर-कोचीन हे राज्य १९४९ साली दोन संस्थाने एकत्र येऊन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी संपले. तथापि फेब्रुवारी १९५४ मध्ये तेथे झालेल्या मध्यावधी निवडणुकीने समाजवाद्यांना त्यांचा पहिला मुख्यमंत्री दिला. आणि त्याच मुख्यमंत्र्याच्या पोलिसांनी चालविलेल्या गोळ्यांनी आपली चळवळ दुभंगली. ती जखम पुरती भरून आली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मी त्या वेळी जन्मलोही नव्हतो. परंतु आमच्या घरी 'नागपूर' हा शब्द जपून उच्चारला जाई. माझे वडील आणि त्यांचे एक जिवलग सहकारी १९५४ च्या नागपूर अधिवेशनानंतर दोन वेगळ्या वाटांनी गेले आणि पुढे अनेक वर्षे एकमेकांच्या घराची पायरी चढले नाहीत. दोघेही प्रामाणिक होते. दोन प्रामाणिक माणसांना वेगळे करणारा प्रश्न साधा नसतो, एवढे मला लहानपणीच कळले.

आता निकालाकडे वळू. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तेथे कोणालाच बहुमत मिळाले नव्हते. काँग्रेसचे ए. जे. जॉन यांचे मंत्रिमंडळ त्रावणकोर तमिळनाडू काँग्रेस या प्रादेशिक पक्षाच्या आधारावर उभे होते. तो आधार गेला आणि १९५३ मध्ये मंत्रिमंडळ कोसळले. मध्यावधी निवडणुकीत एकूण ११७ जागांपैकी काँग्रेसला ४५, कम्युनिस्ट पक्षाला २३, प्रजासमाजवादी पक्षाला १९, तमिळनाडू काँग्रेसला १२, क्रांतिकारी समाजवादी पक्षाला ९ आणि अपक्षांना ९ जागा मिळाल्या. काँग्रेसची मते सुमारे ४५ टक्के होती. प्रजासमाजवादी पक्षाची सुमारे १६.

बहुमतासाठी ५९ जागा हव्या होत्या. काँग्रेस आणि तमिळनाडू काँग्रेस मिळून ५७ होत. तिन्ही डावे पक्ष मिळून ५१ होत. म्हणजे एकोणीस जागांचा पक्ष ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला सरकार, अशी स्थिती आली. मार्च महिन्यात पट्टम थाणू पिल्ले मुख्यमंत्री झाले. काँग्रेस मंत्रिमंडळात आली नाही. तिने बाहेरून पाठिंबा दिला.

मित्रहो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा आपण एकदम ऑगस्टच्या गोळीबाराकडे जातो. माझ्या मते पहिली चूक मार्चमध्येच झाली. काँग्रेसविरोधी मते फुटू नयेत म्हणून निवडणुकीपूर्वी डाव्या पक्षांनी आपसांत जागांचा समझोता केला होता. त्या समझोत्याच्या आधारे मतदारांनी काँग्रेसविरुद्ध मत दिले. आणि निकालानंतर पाहतात तो त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसच्याच पाठिंब्यावर सत्तेवर! यावर त्या वेळी दिले गेलेले उत्तरही ऐकून घेतले पाहिजे. कम्युनिस्टांबरोबर राज्य करणे लोकशाही समाजवाद्यांना अशक्य होते, पुन्हा निवडणूक राज्याला परवडणारी नव्हती, आणि सत्ता मिळाली तर कुळांसाठी चार कायदे तरी करता येतील, असे ते उत्तर होते. ते पोकळ नव्हते. परंतु कायदे करण्यास विधानसभेत मते लागतात, आणि ती मते काँग्रेसच्या खिशात होती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक विसंगती दिसते. त्रावणकोर-कोचीनमध्ये जमीन थोडी आणि माणसे फार. नारळ, काथ्या, काजू, मिरी, चहा यांची निर्यात करायची आणि तांदूळ बाहेरून आणायचा, अशी तेथील अर्थव्यवस्था होती. जगाच्या बाजारात भाव पडला की अलेप्पीच्या काथ्या कामगाराची चूल विझे. अशा ठिकाणी समाजवादी सरकारचे पहिले काम म्हणजे जमिनीचे संबंध बदलणे आणि कामगाराला संरक्षण देणे. पट्टम सरकारने जमीनविषयक विधेयके मांडलीही. परंतु ती कायद्याच्या पुस्तकात जाण्याआधीच सरकार गेले. म्हणजे एकोणीस जागांच्या सरकारला बदलाची सत्ता मिळाली नाही. राज्ययंत्राचा दंडुका मात्र पहिल्या दिवशीच पूर्ण हाती आला. अल्पमतातील सरकारचे हेच दुर्दैव असते. विधेयकाला मित्राची परवानगी लागते, लाठीला लागत नाही.

तो दंडुका कोणावर चालला? राज्याच्या दक्षिण टोकाला तोवाळ, अगस्तीश्वरम्, कल्कुळम् आणि विळवंकोड हे तमिळभाषक तालुके होते. पूर्वेच्या डोंगरातील देवीकुळम् आणि पीरमेड येथे चहा-वेलदोड्याच्या मळ्यांत तमिळ मजूर राबत होते. हे प्रदेश मद्रास राज्याला जोडावेत, ही तमिळनाडू काँग्रेसची मागणी होती. ११ ऑगस्ट १९५४ रोजी त्या पक्षाने मुक्तिदिन पाळला. त्या दिवशी मार्तंडम् आणि पुदुक्कडै येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली.

पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. वाढीव पाटपट्टी देऊ नका, असे शेतकऱ्यांना सांगितल्याबद्दल त्यांना अटक झाली होती. ज्या कायद्याखाली ती झाली त्याचे कलम पुढे १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. तुरुंगातूनच त्यांनी पट्टम यांच्याकडे मागणी केली : राजीनामा द्या आणि गोळीबाराची चौकशी करा. पट्टम यांनी नकार दिला. नोव्हेंबरमध्ये नागपूरला विशेष अधिवेशन भरले आणि बहुमत लोहियांच्या विरुद्ध गेले. त्यांनी सरचिटणीसपद सोडले.

दोन्ही बाजू न्याय्यपणे मांडू. पट्टम यांच्या बाजूचे म्हणत : राज्य चालविणाऱ्याला सुव्यवस्था राखावीच लागते. जमाव हिंसक झाला तर पोलिसांनी काय करावे? प्रत्येक गोळीबारानंतर मंत्रिमंडळ जाऊ लागले तर कोणताही दंगेखोर कोणतेही सरकार पाडू शकेल. लोहियांचे म्हणणे असे की, स्वतंत्र देशात निःशस्त्र जनतेवर गोळी चालविण्याचा अधिकार कोणत्याच सरकारला असू नये. काँग्रेसच्या गोळीबारांचा आपण निषेध करीत आलो. आपल्या हाती सत्ता आल्यावर तोच न्याय आपल्याला लावला नाही, तर आपला निषेध हे केवळ विरोधी पक्षाचे भांडवल ठरेल.

पहिल्या युक्तिवादात व्यवहार आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु महाराष्ट्रातील माणसाने तो उच्चारण्यापूर्वी हुतात्मा चौकाकडे पाहावे. मार्तंडमच्या गोळीबारानंतर सव्वा वर्षाने, नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९५६ मध्ये, मुंबईत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली. मागणी तीच होती : आमच्या भाषेचे राज्य. 'जमाव हिंसक झाला होता' हेच उत्तर तेव्हाच्या मुंबई सरकारने दिले आणि आपण ते झिडकारले. ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या मृतांना हुतात्मे म्हटले, तिचे सरचिटणीस प्रजासमाजवादी पक्षाचेच एस. एम. जोशी होते. मग मार्तंडमचे मृत कोण? मराठी बोलत नव्हते म्हणून ते केवळ दंगेखोर ठरतात काय? १९५६ साली राज्यपुनर्रचनेत ते चार तालुके मद्रास राज्याला जोडले गेले. म्हणजे ज्या मागणीसाठी गोळ्या झेलल्या, तिचा मोठा भाग दोन वर्षांतच देशाने रास्त ठरविला.

सत्ता तरी टिकली काय? तीही नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसने आधार काढला, सरकार कोसळले आणि पनंपिळ्ळी गोविंद मेनन यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. सहा महिन्यांपूर्वी तत्त्वासाठी जे सोडवले नाही, ते दुसऱ्याच्या मर्जीने सोडावे लागले. त्याच वर्षी मधु लिमये आणि लोहिया यांच्यावर पक्षाने कारवाई केली आणि वर्षअखेरीस हैदराबादला वेगळा समाजवादी पक्ष निघाला. १९५७ साली नव्या केरळ राज्यात निवडणूक झाली. सीमा बदलल्या होत्या, म्हणून आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तथापि १२६ पैकी कम्युनिस्टांना ६० आणि प्रजासमाजवादी पक्षाला ९ जागा मिळाल्या, एवढे पुरेसे बोलके आहे. त्या कम्युनिस्ट सरकारच्याही पोलिसांनी जुलै १९५८ मध्ये चंदनत्तोप येथे काजू कामगारांवर गोळी चालविली. दोन कामगार मेले आणि सरकार जागेवर राहिले. तेव्हा हा रोग एका पक्षाचा नव्हे.

लोहियांचे सर्वच बरोबर होते, असे मात्र मी म्हणणार नाही. राजीनाम्याची मागणी योग्य होती. परंतु ती हरल्यानंतर पक्षात राहून बहुमत फिरविण्याची चिकाटी दोन्ही बाजूंनी दाखविली नाही. एका बाजूने शिस्तीचा बडगा उगारला, दुसऱ्या बाजूने वेगळी चूल मांडली. समाजवाद्यांना फुटण्याची सवय लागली ती येथून, आणि तिची किंमत पुढल्या पिढ्यांनी मोजली.

आघाड्यांचे राजकारण आता आपल्या अंगवळणी पडले आहे. उद्या आपल्यापैकी कोणाच्या हाती पुन्हा एकोणीस जागा येतील आणि दोन्हीकडून बोलावणे येईल. तेव्हा दोन प्रश्न विचारा. ज्यांनी मत दिले त्यांना हा सौदा मतदानाआधी सांगता आला असता काय? आणि आपल्याच पोलिसाने गोळी झाडली, तर त्याच संध्याकाळी खुर्ची सोडण्याची आपली तयारी आहे काय? दोहोंचे उत्तर 'होय' नसेल, तर विरोधी बाकावर बसावे. तेथून माणसाला मार्तंडमच्या मृतांकडे आणि हुतात्मा चौकाकडे एकाच नजरेने पाहता येते.

माझे वडील आणि त्यांचे मित्र अखेरीस भेटले ते एका अंत्ययात्रेत. दोघांनी एकमेकांचा हात धरला, पण नागपूरविषयी कोणीच बोलले नाही. ते बोलणे त्यांच्याकडून राहून गेले. म्हणून आज आपल्यासमोर मी ते बोललो.