वढवाण्याच्या बांधावरून

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक विभागातर्फे गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला आहे ‘निसर्गाच्या सान्निध्यात आरोग्य’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला लागलो तर तुम्हाला झोप येईल. झोप आरोग्याला चांगली असते हे खरं, पण त्यासाठी मंडळाने खुर्च्या भाड्याने आणल्या नसत्या. म्हणून मी एका तलावापुरतंच बोलणार आहे. बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटरवर, डभोईच्या पलीकडे तो आहे. वढवाणा.

आधी जरा हात वर करा. चांदोदला किती जण जाऊन आलेत? जवळजवळ सगळेच. बरोबर आहे, घरातलं कोणी गेलं की आपण चांदोदला जातो. गरुडेश्वरला, टेंबे स्वामींच्या समाधीला? तेही बहुतेक सगळे. आणि मुलं सुट्टीला आली की केवडियाचा पुतळा. आता वढवाणा? चार, पाच, सहा. म्हणजे आपण सगळे आयुष्यभर डभोईवरून जातो, तिथे चहा घेतो, हिराभागोळ लांबून दाखवतो, 1731च्या लढाईत बाजीरावाने त्र्यंबकराव दाभाड्यांना इथेच हरवलं हे नातवाला सांगतो, आणि गाडी पुढे काढतो. तिथून वाट थोडी वाकडी केली तर हा तलाव लागतो.

तलाव म्हटलं तरी तो देवाने दिलेला नाही, सयाजीरावांनी दिलेला आहे. 1910 मध्ये बडोदा संस्थानाने तो शेतीसाठी बांधला. त्याच्या दहाच वर्षं आधी गुजरातेत छप्पनियाचा भयंकर दुष्काळ पडून गेला होता. चांदोदच्या संगमाला नर्मदेला मिळणारी ओरसंग नदी तुम्हाला माहीत आहे. तिच्यावर जोजवा इथे बंधारा आहे. तिथलं पाणी कालव्याने या तलावात येतं, साठतं आणि रब्बीला आसपासच्या गावांतल्या शेतांना सुटतं. शंभर वर्षं उलटून गेली, तलाव अजून नेमाने कामावर आहे. आपल्यापैकी कोणाला हे सांगता येईल?

तलाव पसरट आणि उथळ, म्हणून पक्ष्यांना तो आवडला. थंडीत मध्य आशियातून खाली येणाऱ्या पक्ष्यांचा हा मुक्काम आहे. 2021 मध्ये त्याची रामसर यादीत नोंद झाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत. क्षेत्र सुमारे 630 हेक्टर. आकडेवारी इथेच संपवतो.

आता दिसतं काय ते सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत उजाडायच्या आत बांधावर पोचायचं. आधी काहीच दिसत नाही, नुसता आवाज येतो. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीचा बाहेर येतो तसा, सलग. मग पाण्यावरचं धुकं वर सरकतं आणि काळे काळे ठिपके दिसायला लागतात. ते बहुतेक वारकरी. इंग्रजीत कूट म्हणतात तो पक्षी. अंग काळं, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, आणि शेकड्यांनी एकत्र चालायची सवय. मराठीत त्याला वारकरी हे नाव कोणी दिलं देव जाणे, पण गंमत अशी की गुजरातीतही तो ‘भगतडुं’ आहे. दोन भाषांना एकाच पक्ष्यात भक्त दिसला. बडोद्याच्या मराठी माणसाला याहून जवळचा पक्षी कुठला असणार?

त्यांच्या मागे तलवार बदकं, डोक्याला शेंदरी रंग लावल्यासारखी मोठी लालसरी, काठाच्या चिखलात लाल काटक्यांच्या पायांचे शेकाटे. नशीब असेल तर शेतात सारसाची जोडी. आणि पट्टकादंब. गुजरातीत त्यालाच राजहंस म्हणतात. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हा पक्षी तिबेट-मंगोलियाकडच्या सरोवरांवर पिल्लं वाढवतो आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे येतो. त्याच्या पाठीवर यंत्रं बांधून पाहिलं, तर तो सात हजार मीटरच्याही वर उडताना सापडला. विमानात कानात कापूस घालणारी आपण माणसं, त्याच्याकडे जरा आदराने बघावं.

मी चाळीस वर्षं दवाखाना चालवला, तेव्हा आरोग्याचं बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. एक सभासद मला म्हणाले, ‘डॉक्टर, तुमच्या वढवाण्याला घामच येत नाही. पन्नास पावलं चालायचं आणि दुर्बीण लावून उभं राहायचं, हा कसला व्यायाम?’ आक्षेप बरोबर आहे. घामासाठी आपली कमाटीबाग आहे. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते रोज घराजवळच करायचं असतं. पण त्याच शिफारशीत आपल्या वयासाठी पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी वाचत नाही: आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आपल्या मंडळातलं कोण बाथरूममध्ये पडलं, कोणाचा खुबा मोडला, ही यादी मी काढत नाही, ती तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. गुळगुळीत फरशीवर आणि सपाट ट्रॅकवर चालून पायांना तोलाचं काम फारसं पडत नाही. बांधावरच्या मातीत पडतं. खडा येतो, उतार येतो, मान वर करून आकाशात बघायचं आणि पाय जागेवर ठेवायचे. बगळा तेच तर करत असतो. सुरुवातीला कोणाचा तरी खांदा धरा, त्यात लाज नाही. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी घडीची खुर्ची घेऊन एका जागी बसावं. पक्षी त्यांच्यासमोरूनही जातात.

मधुमेहवाल्यांना मात्र ताकीद. पहाटे साडेचारला उठून, इन्शुलिन किंवा गोळी घेऊन, उपाशीपोटी थंडीत तीन तास फिरायचं, हे चालणार नाही. औषधाची वेळ आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. निघण्यापूर्वी काहीतरी खा आणि खिशात साखर ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर पक्षी बघत बसू नका, आधी साखर तोंडात टाका. हृदयाचा त्रास असलेल्यांनी कानटोपी आणि गरम कपडे घालूनच गाडीतून उतरावं.

आणखी एक फायदा आहे, तो कुठल्या तपासणीत येत नाही. आमच्या गटातले एक गृहस्थ, पत्नी गेल्यावर वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. मुलगा टोरांटोला, रोज व्हिडिओवर ‘बाबा, जेवलात का’ विचारणार. त्यांना आम्ही जवळजवळ उचलून नेलं. पहिल्या दिवशी ते गाडीतच बसले. दुसऱ्या खेपेला खाली उतरले. आता ते वही ठेवतात: तारीख, वारा, कोणते पक्षी, अंदाजे किती. परवा मुलाच्या फोनवर तेच बोलत होते आणि तो ऐकत होता. मी यावर वैद्यकीय दावा काही करत नाही. वही मी पाहिली आहे, अक्षर सुरेख आहे.

आता जरा कटू बोलतो. कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आहे की यंदाची वार्षिक सहल वढवाण्याला न्यावी. दोन बस, हाऊजी, अंताक्षरी, उंधियू. उंधियू मला अतिशय प्रिय आहे, हे माझ्याकडे बघून कळतंच. पण गेल्या थंडीत मी बांधावर असताना अशीच एक बस आली. कोणाची ते सांगत नाही. स्पीकर लागला, पोरं काठाला धावली, आणि शेकडो पट्टकादंब एकदम उठले. फार सुंदर दिसतं, सगळ्यांनी मोबाइल काढले. पण ते उठले म्हणजे घाबरले. मार्चमध्ये परत हिमालय चढायचा तर अंगावर चरबी साठवावी लागते. असं सकाळपासून चार वेळा उठवलं की खाल्लेलं उडण्यातच जातं. श्राद्धाच्या पानावरून ब्राह्मणाला चारदा उठवलं तर तो परत आपल्याकडे येईल का?

दुसरी बाजूही आहे. बांधाच्या खाली गहू असतो. हे हंस रात्री शेतात उतरून कोवळी पात खातात. एका शेतकऱ्याने मला विचारलं, ‘साहेब, तमारो राजहंस मारा घऊं खाय छे, एनुं शुं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आपण तिथे मोफत आनंद घेतो, त्याची थोडी किंमत तो माणूस भरतो. मग निदान त्याच्या शेतातून आडवं चालू नये, त्याच्या बैलगाडीच्या वाटेवर गाडी लावू नये, आणि फेब्रुवारीत पाणी उतरलं की ‘तलाव आटवला यांनी’ असं म्हणू नये. पाणी शेतीसाठीच आहे. ते उतरतं तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलातच छोट्या पाणपक्ष्यांचं जेवण असतं.

म्हणून माझी सूचना अशी. वार्षिक सहल दुसरीकडे न्या, तिथे हाऊजी खेळू, मी पहिल्या रांगेत बसेन. वढवाण्याला वीस-वीस जणांच्या तुकड्या करू, थंडीभरात पाच-सहा. कपडे मातकट किंवा हिरवे. पांढरा झब्बा आणि जरीचा शालू लग्नासाठी ठेवा. स्पीकर नाही, फटाके नाहीत, पक्ष्यांना फाफडा-गाठिया टाकणं नाही. वनखात्याच्या माणसांनी जिथवर जा म्हटलं तिथवरच जायचं. नाश्ता परतताना डभोईत, तिथे मोठ्याने बोलायला पूर्ण मुभा.

आत्ता भाद्रपदात तलाव भरतोय, पक्षी दिवाळीनंतर येतील. पहिली तुकडी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला मंडळाच्या दारातून निघेल. नावं ज्येष्ठ नागरिक विभागाच्या वहीत लिहा. नावापुढे चालू औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायचा आहे. दुर्बिणी सध्या तीनच आहेत, ज्यांच्या घरी कपाटात पडून असेल त्यांनी आणावी. नातवंडं चालतील, दहा वर्षांच्या वरची, आणि शिट्टी घरी ठेवून येणारी.