आजोबांचा ट्रॅक्टर नक्की कुठल्या सालचा?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि त्यात थोडी माझी कबुलीपण आहे.

गावी आमचा जुना मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेला. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे, "सत्तावन्न सालचा आहे." मी बीटेकवाला! बॉनेट उघडलं, तर आत पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन. डिझेल ३५ ला आधी स्टँडर्डचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, पर्किन्स आलं १९५९ मध्ये. मी अण्णांना म्हटलं, "तुमचं चुकतंय."

ते म्हणाले, "आणायला मी गेलो होतो. तुझं गूगल नव्हतं गेलं."

गेल्या वर्षी अण्णा गेले. मग मी ट्रॅक्टर रिस्टोर करायला काढला. पेंटरने विचारलं, "दादा, बॉनेटवर साल काय टाकू?"

आता खरं बघायचा तो डॅशजवळच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर. नंबरांच्या तक्त्यात वर्ष सापडतं. पण आमची पट्टी कधीच गायब झालेली. आरसी बुक वाळवीने खाल्लेलं. तसंही त्यात नोंदणीची तारीख पहिली दिसते, आणि ट्रॅक्टर त्याआधी बनलेला असू शकतो. लुकासच्या डायनॅमोवर तारीख ठोकलेली असते, पण ती डायनॅमोची. पार्ट बदलला की पुरावा बदलला.

शेवटी रंगाने सांगितलं. बॉनेटच्या आतून लाल रंग खरवडला, खाली करडा निघाला. गिअरबॉक्सवर ग्रीसखाली तांबूस सोनेरी. १९५६ मध्ये हे मॉडेल आलं ते याच रंगात, नुसतं फर्ग्युसन म्हणून. लाल मॅसी फर्ग्युसन झालं १९५७ च्या शेवटी. म्हणजे अण्णांचा ट्रॅक्टर त्याआधीचाच. इंजिन मागून बदललेलं. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "हो, एकदा इंजिन बसलं होतं ना!" हे मी आधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, एका पार्टवरून साल ठरवू नका. सँडपेपर लावायच्या आधी प्रत्येक नंबरचा, जुन्या रंगाचा फोटो काढा. पेंटरने अजून दोन दिवस आधी काम संपवलं असतं, तर माझा पुरावा गेलाच होता.

बॉनेटवर १९५७ लिहिलंय. ५६ की ५७, हे रंग सांगत नाही. तेवढं मी अण्णांच्या शब्दावर घेतलंय.

तुमच्या गोठ्यात असं काही उभं असेल, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या एपिसोडला!